मॅचचे छर्रे

माझा पाय स्थिर राहत नसे. जेवताना, अभ्यास करताना, बाबांसमोर उभी असतानासुद्धा टाच हलत असायची. आई म्हणायची, "ते शिवणयंत्र बंद कर आधी." एकाच ठिकाणी तो पाय थांबायचा, नवघरच्या गाळ्यात, खांद्याला रायफल लावल्यावर. तेही दर वेळी नाही.

गिरगाव सोडून शांती नगरात येऊन आम्हाला दोन वर्षं झाली होती. नव्वदीची सुरुवात. कॉलेजच्या छात्रसेनेच्या शिबिरात माझा नेम बरा लागला म्हणून तिथल्या बाईंनी मला नवघरच्या काकांकडे पाठवलं. काका दारूगोळा कारखान्यात काडतुसं तपासण्याच्या खात्यातून निवृत्त झालेले. मुलानं दुकानासाठी घेतलेला लांबट गाळा पडून होता, त्यात दहा मीटर कसेबसे बसायचे. शेजारी स्टीलच्या भांड्यांना पॉलिश व्हायचं. त्या घरघरीत आम्ही चार मुली आळीपाळीनं एकच जुनी जर्मन एअर रायफल चालवायचो. बाजूचा दांडा ओढायचा, हवा भरायची, छर्रा ठेवायचा.

काका आमची नेमाची कार्डं लावता लावता बोलत राहायचे.

"हे नाजूक काम आत्ता आत्ताचं. आधी सगळं लष्करी रायफलींनी. तीनशे मीटर. संध्याकाळी खांदा काळानिळा. मग पॉइंट टू टूची छोटी काडतुसं आली, अंतर पन्नास मीटरवर आलं. मग ही हवेची. सुरुवातीला हिच्यात स्प्रिंग असायची, घोडा दाबला की अख्खी रायफल उडी मारायची. ती उडी घालवण्यात लोकांची वर्षं गेली."

"म्हणजे आता सोपं झालं ना, काका?" आमच्यातल्या एकीनं विचारलं.

"सोपं? रायफल सुधारली तसा स्पर्धावाल्यांनी कार्डावरचा मधला ठिपका बारीक केला. पेनाच्या टोकाएवढा. रायफलीला नावं ठेवायची सोय राहिली नाही, आता सगळं गोळीवर येतं."

गोळीबद्दल बोलताना त्यांचा आवाज खाली यायचा. यंत्र तेच, शिसं तेच, तरी एका लॉटची गोळी दुसऱ्या लॉटसारखी जात नाही. बाहेरचे मोठे नेमबाज एकेक लॉट आपल्या नळीतून मारून बघतात आणि मानवेल तोच साठवून ठेवतात. "नळीलापण आवडनिवड असते, इंग्लिश मिडियम," ते मला म्हणायचे. मला त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही, आणि मला ते बरंच वाटायचं.

त्या वर्षी बाबांनी अट घातली होती. "राज्य स्पर्धेला निवड झाली तर चालू ठेव. नाही तर पावसाळ्याआधी कॉम्प्युटरच्या क्लासला नाव घाल. मग हे थांबलं." मी मान हलवली. मला त्या गाळ्याशिवाय दुसरं काही नको होतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नव्हतं.

निवडीच्या स्पर्धेला महिना राहिला तेव्हा काकांनी एक चपटा पत्र्याचा डबा माझ्या हातात ठेवला. जर्मन छर्रे, पाचशे. जुन्या सहकाऱ्याकडून मागून आणलेले. "मॅचला हे वापरायचे. आणि आजपासून यांच्यावरच सराव करायचा. कळलं?"

"हो, काका."

घरी येऊन झाकण उघडलं. प्रत्येक छर्रा दुसऱ्यासारखा, कमरेत बारीक, तोंड सपाट. आमचे देशी छर्रे पुडीतून यायचे आणि दहातला एक चेपलेला असायचा. आईनं डबा बघितला आणि काही न विचारता शोकेसमध्ये, काचेच्या डिनर सेटच्या मागे ठेवला. तो सेट गिरगावातून कागदात गुंडाळून आला होता आणि पाहुण्यांची वाट बघत होता. मलाही ते योग्यच वाटलं. चांगली वस्तू रोज वापरायची नसते, हे आमच्या घरात कुणाला शिकवावं लागत नसे. महिनाभर मी देशी छर्रे मारले. काकांनी विचारलं, "कसे जातायत?" मी म्हटलं, "छान."

स्पर्धेच्या दिवशी डबा पहिल्यांदा शोकेसमधून बाहेर आला. सव्वा तासात चाळीस गोळ्या मोजायच्या, त्याआधी नेम धरायची साइट जुळवायला हव्या तेवढ्या मारा. बाजूची मुलगी वीस-पंचवीस मारत बसली. मी तीन मारल्या आणि थांबले. इतके चांगले छर्रे मोजणीत नसलेल्या कार्डांवर घालवायचे?

पहिलं कार्ड तारेवरून परत आलं. दहापैकी आठ, खाली डावीकडे. दुसरं, आठ. तिसरं, आठ. एका कार्डावर एकच भोक. प्रत्येक वेळी मला वाटलं, माझा हात हलला. श्वास चुकला. पाय हलला असेल. साइटला हात लावायचं मनात आलं, पण आपलं चुकत असताना वस्तूला दोष द्यायचा नाही, असं वाटून मी बोट मागे घेतलं. पंधरा कार्डं अशी गेली. सोळाव्याला चिडून मी साइटच्या चकत्या फिरवल्या. दहा. मग नऊ, दहा, दहा. शेवटपर्यंत तसंच.

निवडीला चार गुण कमी पडले.

दुसऱ्या दिवशी काकांनी कार्डं मागितली. पहिली पंधरा त्यांनी एकावर एक नीट रचली, कडा जुळवल्या आणि ट्यूबलाइटसमोर धरली. पंधरा कागदांतून एकच भोक आरपार दिसलं. त्यातून उजेड येत होता.

"हा हात हललेला आहे?" त्यांनी विचारलं.

मी त्या भोकावर बोट ठेवलं.

"डबा वापरायला कधी काढलास?"

"काल."

"महिनाभर काय, लोणचं घालून ठेवलेलं?" ते मोठ्यानं हसले, मग एकदम थांबले. "अगं, लॉट बदलला की साइट बदलते. मी तोंड दुखेपर्यंत दुसरं काय सांगतोय?"

"संपतील म्हणून ठेवले होते."

"संपायलाच असतात ते."

त्या संध्याकाळी मी डब्यातले उरलेले छर्रे मारत राहिले. काका कार्डं लावत राहिले, बाकीच्या मुली गेल्या, शेजारचं पॉलिशचं यंत्रही बंद पडलं. डबा अर्ध्याच्या खाली गेला तेव्हा काका म्हणाले, "बास, आता मान दुखेल."

घरी बाबा पेपर वाचत होते. मी ती पंधरा कार्डं त्यांच्या हातात दिली आणि दिव्यासमोर धरायला सांगितली. त्यांनी एक डोळा मिटून बराच वेळ बघितलं.

"नाही झाली निवड," मी म्हटलं. "मी क्लासला जाईन. पण नवघरलापण जाणार आहे. मला जायचंय."

टाच हलत होती, ती मी थांबवली नाही. बाबांनी कार्डं खाली ठेवली, पुन्हा उचलली. "सकाळची बॅच असते का क्लासला?" त्यांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "असते."