चैत्रातली पानगळ

मुंबई विमानतळाच्या दारात आईने माझ्या पर्समध्ये रुमालात गुंडाळलेलं काहीतरी कोंबलं आणि म्हणाली, "ही चेक-इनच्या बॅगेत टाकू नकोस. अंधारात घुसमटेल ती." ती म्हणजे पितळेची अन्नपूर्णा, माझ्या लग्नात गौरीहरापुढे पुजलेली, जेमतेम बोटभर उंचीची. बाबा ट्रॉली धरून उभे होते, माझा नवरा निखिल पासपोर्ट पुन्हा पुन्हा तपासत होता, आणि रडायचं नाही असं ठरवून आल्यामुळे मी सगळ्यांवर चिडत होते. सिक्युरिटीवाल्याने पर्स बाजूला घेतली, रुमाल सोडला, मूर्ती कपाळाला लावली आणि नीट गुंडाळून परत दिली. तिथे मात्र मला रडू आवरलं नाही.

आमच्या चिंचवडच्या घरी चैत्रगौर बसायची. गौर महिनाभर माहेरपणाला येते, झोपाळ्यावर बसून लाड करून घेते आणि अक्षय्य तृतीयेला सासरी जाते. त्या महिन्यात आई घराला कुलूप लागू देत नसे. लेक घरी आलेली असताना आपण गावभर हिंडायचं का, असा तिचा सवाल. मी मेलबर्नला, क्लेटनला राहायला आल्यावर दर वर्षी ती एकदा तरी म्हणायची, "कधीतरी चैत्रात ये गं." पण आमच्या सईच्या शाळेला मोठी सुट्टी डिसेंबरात. त्यामुळे गौर चैत्रात माहेरी जायची आणि मी डिसेंबरात, भेटींची यादी घेऊन, पाहुणीसारखी.

क्लेटनला मीही त्याच अन्नपूर्णेची गौर बसवायला लागले. आता इथला चैत्र म्हणजे काय, हे इकडे आलेल्यांना सांगायला नको. अंगात जाड जॅकेट, नळाला बर्फासारखं पाणी, आणि आंब्याच्या डाळीसाठी डँडेनॉन्गच्या इंडियन दुकानातून आणलेली फ्रोझन कैरी, जिला आंबट म्हणायचं ते केवळ तिच्या समाधानासाठी. कलिंगड मिळालंच तर ते बेचव. म्हणून एका वर्षी सईने शेजारच्या मेपलची गळलेली पानं गोळा केली आणि आम्ही गौरीपुढे त्यांचीच आरास मांडली. व्हिडिओवर आईला दाखवली तर ती थक्क झाली. चैत्रात झाडाला पालवी फुटते, गळती लागत नाही. उफराटाच देश आहे तुमचा, म्हणाली. मग चष्मा पुसून फोन जवळ धरला आणि कितीतरी वेळ पानं बघत राहिली.

"अगं, हे तर हळदीकुंकूच सांडलंय. अशी अख्खी झाडं असतात?"

असतात, म्हटलं. डोंगरात ब्राइट नावाचं गाव आहे, आमच्यापासून गाडीने चारेक तास, तिथे रस्तेच्या रस्ते असे होतात. पण रंग पुरता भरतो तो जेमतेम आठवडाभर. अलीकडे गेलं तर हिरवं, पलीकडे गेलं तर नुसत्या काटक्या. तेव्हापासून आईने ध्यास घेतला. इतकी वर्षं तिला ऑस्ट्रेलिया बघायचं नव्हतं, ऑपेरा हाऊस नको होतं, कांगारू तर अजिबातच नको होते. आता तिला ब्राइट बघायचं होतं.

तिच्या प्रवासाची वेळ तिनेच बसवली. २०२० साली अक्षय्य तृतीया एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात येत होती. गौर सासरी निघाली की दुसऱ्या दिवशी आपणही विमानात बसायचं. ब्राइटला मोटेल चालवणाऱ्या शेरिल नावाच्या बाईंना मी फोन केला, तर त्यांच्याही मते तोच आठवडा बेस्ट. आईला याचा फार अभिमान वाटला. पंचांग तुमच्या गोऱ्या बाईलाही पटलं म्हणून तिने सगळ्या सोसायटीत सांगितलं. व्हिसा आला, बाबांनी लोकरीचे मोजे घेतले. आणि मार्चमध्ये ऑस्ट्रेलियाने दारं लावून घेतली.

आम्हाला सगळ्यांनाच तेव्हा वाटलं होतं की दोन-तीन महिन्यांचा प्रश्न आहे. आईने तिकीट रद्द झाल्याचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, बरंच झालं, पाठवणीची घाई झाली असती.

पुढचं वर्ष उजाडलं तरी दारं बंदच. आतल्यांना बाहेर जायला परवानगी लागे, आणि गेलात तर परत कधी याल ते कुणी सांगत नव्हतं. त्यात अधिक महिना येऊन गेल्यामुळे अक्षय्य तृतीया मे महिन्याच्या मध्यावर सरकली होती. हे आईने सगळ्यांच्या आधी ताडलं. तोवर तुमची झाडं उघडी पडतील, म्हणाली. मग मीच जायचं आणि तिला फोनवर दाखवायचं असं ठरलं. मी शेरिलबाईंना दर आठवड्याला विचारायचे, "फिफ्टी पर्सेंट, लव्ह, गिव्ह इट अ वीक," असं उत्तर यायचं, आणि रविवारी आई दुधाच्या भावासारखी चौकशी करायची, आज किती टक्के?

राहिला प्रश्न गौरीचा. बसलेल्या गौरीला घरात एकटं टाकून जायचं कसं? आईने थोडा विचार केला. "तिलाही ने. माझ्या वाटची ती बघेल."

रंग भरला त्याच आठवड्यात आईबाबा दोघांनाही कोविड झाला. बाबा घरीच निभावले. आईला हॉस्पिटलमध्ये हलवलं. मी परवानगीचा अर्ज भरायला घेतला तोवर विमानंच थांबली. मी निखिलला म्हटलं, कसलं ब्राइट घेऊन बसलास, बुकिंग कॅन्सल कर. पण हॉस्पिटलमधून आईचा मेसेज आला, एकेक अक्षर शोधून टाइप केलेला. पानं तुझ्यासाठी थांबणार नाहीत. जा.

गेलो. अन्नपूर्णा सईच्या लंचबॉक्समध्ये, खाली मऊ रुमाल. नदीकाठी पॉप्लरची रांग पिवळीधमक, मध्ये मेपल लालबुंद, आणि खाली पानांचा घोटाभर थर. इतकं सुंदर काही मी आयुष्यात पाहिलं नव्हतं आणि मला त्या सौंदर्याचा संताप येत होता. सईने एका बुंध्याशी पानांवर गौर बसवली. मी फोन लावला. आईने उचलला. तोंडावर मास्क, केस विस्कटलेले. तिला बोलू नकोस म्हणून मी झाडामागून झाड दाखवत सुटले, वेड्यासारखी, चालत, पळत. शेवटी गौरीपाशी थांबले. सई माझ्या कानाशी कुजबुजली, "इज आजी क्रायिंग?"

आईने मास्क किंचित वर केला. "गार वारा दिसतोय तिथे. तिला काहीतरी पांघर."

सईने गळ्यातला स्कार्फ काढून गौरीभोवती गुंडाळला. आईने मान हलवली आणि कुणीतरी तिच्या हातातून फोन काढून घेतला. त्यानंतर तिचा आवाज मी ऐकला नाही. मे लागता लागता ती गेली. अंत्यसंस्कार मी क्लेटनच्या किचनमध्ये उभी राहून स्क्रीनवर पाहिले, आणि मध्येच नेट अडकलं तेव्हा निखिलने राउटर बंद करून पुन्हा चालू केला. इतकंच आम्हाला करता आलं.

आईची गौर चिंचवडला झोपाळ्यावर तशीच बसून होती. सुतक फिटलं तोवर अक्षय्य तृतीया आलीच. मी बाबांना फोनवर पाठवणी समजावली. दहीभाताचा नैवेद्य, मग अक्षता टाकायच्या, जरासं हलवायचं आणि पुन्हा ये म्हणायचं. बरं, म्हणाले ते.

दारं उघडल्यावर मी गेले, ऐन थंडीत. एअरपोर्टवर कुणी न्यायला नव्हतं, मीच नको म्हटलं होतं. घरात शिरले तर कोपऱ्यात झोपाळ्यावर गौर. पुढ्यात ताजं फूल, पितळ लखलखीत, आणि अंगावर आईच्या निळ्या शालीचा कापलेला चौकोनी तुकडा. मी बाबांकडे पाहिलं.

"नाही पाठवली," ते म्हणाले. "तुला येऊ दिलं नाही त्यांनी. म्हटलं, एक लेक तरी घरात राहू दे."

पुस्तकात दाबून आणलेलं ब्राइटचं पान मी गौरीपुढे ठेवलं. ते लाल राहिलं नव्हतं, चहाच्या डागासारखं झालं होतं. निघायच्या दिवशी बाबांना विचारलं, आता हिला पाठवू या का? मी आहे तर रीतसर होईल.

बाबांनी माझ्या बॅगेची चेन लावून दिली. "तू निघालीसच आहेस. दोघी एका दिवशी नका जाऊ."

तेव्हापासून ती तिथेच आहे. दर रविवारी बाबा व्हिडिओ लावतात ते आधी झोपाळा दाखवतात. सई मोठ्याने ओरडून विचारते, "बाबाआजोबा, इज शी वॉर्म?" ते शाल नीट करतात, झोपाळ्याला हलकेच झोका देतात आणि मगच स्वतः समोर येऊन बसतात. माझं माहेर आता तेवढंच उरलंय, आणि तिथली जागा ती माझ्यासाठी धरून बसली आहे.