मामांची बंदूक आणि माझा अंगठा

माझी शेवटची पोस्टिंग पलटणीच्या कोतमध्ये झाली. कोत म्हणजे शस्त्रागार. दगडी भिंती, लोखंडी दार, दोन कुलपं, बाहेर पहाऱ्याला संत्री. सकाळी साडेपाचला दार उघडायचं, रायफली मोजून द्यायच्या. संध्याकाळी मोजून घ्यायच्या. प्रत्येक रायफलीच्या दस्त्यावर नंबर. रायफल परत देताना जवान म्हणायचा, "खाली है, साब." मी म्हणायचो, "दिखा." मग तो नळी मोकळ्या दिशेला धरून बोल्ट मागे ओढायचा आणि मी चेंबरमध्ये बोट घालून बघायचो. सात वर्षं मी हे काम केलं. कुणाच्या शब्दावर हत्यार आत घेतलं नाही. कमांडिंग ऑफिसरांचं पिस्तूलही तसंच तपासून घेतलं.

तीन वर्षांपूर्वी नायब सुभेदार म्हणून रिटायर झालो आणि डोळखांबच्या पुढे आमच्या गावी आलो. पहिल्या आठवड्यात जो भेटेल तो एकच विचारायचा, "घरी बंदूक आणलीस का?"

मी नाही म्हटलं की समोरच्याचं तोंड उतरायचं. चोवीस वर्षं फौजेत राहून गडी मोकळ्या हाताने आला, असं लोकांना वाटत असावं.

शहापूर-मुरबाडकडे बंदुकीला मोठा मान. पूर्वी रानडुकरांपासून भात राखायला शेतकऱ्याला ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळायचा. ज्या घरात ती टांगलेली, ते घर गावात उठून दिसायचं. सोयरीक जमवतानाही विषय निघायचा. आता जमिनीचे व्यवहार करणारी मंडळी आली. हळदीच्या मांडवात कुणाच्या शर्टाखाली काय फुगलंय, ते लोक आधी बघतात आणि मग जेवायला बसतात.

माझी सासुरवाडी मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याला. सासऱ्यांना मी मामा म्हणतो. गावात त्यांच्या घराला 'बंदूकवाल्यांचं घर' म्हणतात. परवान्यावर मामा आणि त्यांचे थोरले भाऊ, दोघांचीही नावं होती. पण बंदूक थोरल्यांची. मामांनी साठी ओलांडली तरी थोरल्यांनी त्यांना तेल लावण्यापलीकडे हात लावू दिला नव्हता. दसऱ्याला बंदूक अंगणात पाटावर यायची, तिची पूजा व्हायची, थोरले तिला खांद्यावर घेऊन उभे राहायचे आणि मामा बाजूला आपट्याची पानं धरून. घरातल्या जुन्या फोटोंत ते असेच दिसतात, अर्धे फ्रेमच्या बाहेर.

थोरले गेल्या वर्षी भादव्यात अचानक गेले. छातीत दुखलं आणि संपलं. त्या वर्षीचा दसरा सुतकात गेला. या वर्षीचा दसरा मामांचा पहिला.

फोन आठ दिवस आधीच आला. "जावईबापू, या वक्ताला यायचंच. तुमी मिलिट्रीतले. पूजा तुमच्या हातनं. पन बंदूक मी धरनार."

"धरा मामा," मी म्हणालो. "तुमचीच आहे."

दसऱ्याच्या दिवशी सकाळी साडेदहाला आम्ही पोहोचलो. मी, माझी बायको सुरेखा आणि बारावीतली मुलगी मनीषा. अंगण सारवलेलं, दाराला झेंडूचं तोरण, शेतात भात पोटरीतून बाहेर पडून वाकायला लागलेलं. मामा नव्या धोतरात होते. डोक्याला फेटा. मामी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पहाटे चारपासून पुसतायत. माझ्या डोक्याला कधी एवढं तेल नाय लावलं त्यांनी."

बंदूक खरंच चमकत होती. लाकडाला खोबरेल तेल, नळीला राख घासलेली, पितळेची पट्टी चिंचेने उजळलेली. मी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. वाडीतली पन्नास-साठ माणसं जमली होती. मामांनी बंदूक उचलून खांद्यावर घेतली. फोटो सुरू झाले. या वेळी मामा फ्रेमच्या बरोबर मध्ये होते.

सव्वाअकराला एक मोठी पांढरी गाडी आली. त्यातून तालुक्यातले एक शेठ उतरले. त्यांचं नाव मी सांगणार नाही. का ते पुढे कळेल. शेठ मनाने वाईट नाहीत. मामांना आपट्याची पानं दिली, पाया पडले. पण वाकताना सदरा वर गेला आणि कमरेचं पिस्तूल सगळ्यांना दिसलं.

"शेठ, नवीन घेतलं?"

"इंपोर्टेड हाय," शेठ म्हणाले. त्यांनी ते बाहेर काढलं, गोळ्यांचं मॅगझीन काढून खिशात टाकलं. "बघा. हातात घेऊन बघा."

दोन मिनिटांत अख्खं अंगण शेठभोवती. पोरं, बाप्ये, भजनी मंडळाचे म्हातारे, सगळे. मामांच्या बाजूला मी, मामी आणि एक कुत्रा राहिलो.

मामा आत गेले. बाहेर आले तेव्हा हातात पत्र्याची छोटी डबी होती. ठासणीच्या बंदुकीला चाप ओढल्यावर ठिणगी पाडायला तांब्याची बारीक टोपी लागते. घोडा टोपीवर आपटतो, टोपी फुटते, आतली दारू पेटते. दारू नसेल तर नुसती टोपी टिकलीसारखी वाजते.

"आवाज नाय तं बंदूक कसली?" मामा मोठ्याने म्हणाले. "या रे इकडं. शेठचं ते खिशातलं. हिचा आवाज ऐका आता. नुसती टोपी वाजवतो."

गर्दी परत फिरली. मामांचा चेहरा उजळला. मनीषा मोबाइल घेऊन पुढे धावली. "आजोबा, थांबा, व्हिडिओ घेते. समोरून घेते."

मामांनी टोपी बसवली, घोडा मागे ओढला आणि बंदूक छातीशी आडवी न धरता, थोरले धरायचे तशी खांद्याला लावली. मनीषा नळीसमोर पाच पावलांवर होती. मोबाइल डोळ्यांसमोर. तिच्यामागे बायका.

मी विचारलं, "मामा, नळीत गज घालून बघितलात?"

"रिकामी हाय रे. वरीसभर कुनी हात नाय लावला."

मी ऐकलेल्या 'खाली है'मध्ये इतकं वाईट 'खाली है' दुसरं नव्हतं. वर्षभर कुणी हात लावला नाही, म्हणजे शेवटचा हात थोरल्यांचा. आणि थोरले गेले ते भादव्यात, डुकरं शेतात उतरायच्या दिवसांत.

लग्नाला बावीस वर्षं झाली. मामांशी मी कधी आवाज चढवून बोललो नव्हतो.

"रुक!"

रेंजवरचा आवाज होता तो. शेजारच्या गोठ्यातला बैलसुद्धा उठून उभा राहिला.

"मनीषा, डावीकडे. पळ. बाकी सगळे खाली बसा. मामा, हलू नका. नळी वर. आभाळाकडे. चापावरचं बोट बाहेर."

मामांनी नळी वर केली. बोट मात्र आतच राहिलं. माणूस घाबरला की बोट आवळतं. नवीन रिक्रूटचंही तसंच होतं. मी बाजूने गेलो, डाव्या हाताने नळी आभाळाकडे धरली आणि उजव्या हाताचा अंगठा घोड्याच्या खाली, टोपीच्या वर सरकवला.

त्याच क्षणी चाप ओढला गेला.

घोडा अंगठ्यावर बसला. टोपी फुटली नाही. माझ्या तोंडून जो शब्द निघाला तो मुलीसमोर पहिल्यांदाच निघाला. मी घोडा मागे ओढला, अंगठा सोडवला, टोपी काढून खिशात टाकली आणि बंदूक हातात घेतली. फार तर पाच सेकंद.

"काय झालं? काय झालं, जावईबापू? रिकामी हाय ना?"

"दाखवतो, मामा."

मी बंदुकीखालचा गज काढून नळीत सोडला. तो खाली जाऊन थांबला. जिथे नळीचं तोंड होतं तिथे गजाला कुंकवाचं बोट लावलं. मग गज बाहेर काढून नळीच्या बाहेरून, कुंकू तोंडाशी जुळवून धरला. गजाचं टोक नळीच्या बुडापर्यंत यायला हवं होतं. ते एक वीत अलीकडेच संपलं.

मला काही समजावून सांगावं लागलं नाही. शेती करणारी माणसं. कणगीत काठी घालून भात किती उरलंय ते बघणारी. एक वीतभर नळीत काय आहे, ते सगळ्यांना एकदम कळलं.

सुरेखा मनीषाकडे गेली आणि तिचा हात धरून उभी राहिली. मामा पायरीवर बसले. फेटा काढून मांडीवर ठेवला.

मी नळीत पाणी भरलं आणि बंदूक परसात फणसाला बांधली, तोंड वर, डोंगराच्या बाजूला. काळी दारू भिजली की मरते. पण वेळ द्यावा लागतो. माझा अंगठा तोवर जांभळा झाला होता. मामींनी हळद बांधली. जेवणं झाली. पुरणपोळी होती. मी डाव्या हाताने खाल्ली.

तीन वाजता गजाच्या टोकाला पिळाचा आकडा लावून आतला ऐवज ओढला. आधी काथ्याचा बोळा. मग शिशाच्या गोळ्या, अकरा. मग कापडाची चिंधी आणि शेवटी काळा चिखल. मामींनी चिंधी पाण्यात खळबळून उलगडली. निळ्या चौकटीचं कापड होतं.

"ही भावजींची लुंगी," त्या म्हणाल्या. "मी जपून ठेवलेली. फाडली कवा त्यांनी?"

मामांनी चिंधी हातात घेतली. भाऊ गेल्यावर ते रडले नव्हते म्हणे. आता रडले, आणि मधेच हसायला लागले. "डुकरासाठी भरून ठेवली न् सांगायचं राहून गेलं बघ. आयुष्यभर मना हात नाय लावू दिला. न् लावला तं ही अशी भरलेली देऊन गेला."

मामी हसल्या. मग मनीषा. मग सगळं अंगण. हसू असं पसरलं की कुणी ढोलकी आणली. भजनी मंडळाच्या म्हाताऱ्यांनी गौरीची गाणी धरली, दसऱ्याला.

त्या गडबडीत शेठ माझ्याजवळ आले. हळूच म्हणाले, "सुभेदार, जरा पेंढ्याच्या उडवीमागं येता का?"

तिथे त्यांनी पिस्तूल माझ्या हातात दिलं. "मॅगझीन काढलंय. रिकामंच हाय. तरी पन तुमी बघा."

मी पिस्तूल जमिनीकडे धरून स्लाइड मागे ओढली. एक राउंड, जिवंत काडतूस, उडून पेंढ्यात पडला. मॅगझीन काढलं तरी नळीत एक राहू शकतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सकाळपासून ते पिस्तूल अंगणभर हातोहात फिरलं होतं.

शेठ खाली बसले. पेंढ्यातून तो राउंड शोधायला आम्हाला दहा मिनिटं लागली. सापडल्यावर म्हणाले, "सुभेदार, कुनाला सांगू नका."

मी नाव सांगितलेलं नाही. दर रविवारी सकाळी ते माझ्याकडे येतात. मी शिकवतो, ते शिकतात. आता पिस्तूल घरच्या तिजोरीत असतं आणि हळदीला शेठचा सदरा सरळ पडतो. परवा म्हणाले, नाचायला बरं पडतं.

मामांचा मान कमी झाला असेल असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. मुरबाडच्या बाजारात ते प्रत्येकाला थांबवून सांगतात, "आमच्या जावयानं अंगठ्यावर बंदूक झेलली." तिसऱ्यांदा सांगताना गोळ्या अकराच्या एकवीस झाल्या. चोवीस वर्षांच्या नोकरीत मला एक ओरखडा आला नाही. जखमी झालो तो सासुरवाडीला. पण नखाखाली रक्त साकळलेला तो अंगठा मामा लोकांना माझा हात धरून दाखवतात, तेव्हा मला पदक मिळाल्यासारखं वाटतं.

त्या दिवशी पाच वाजता आम्ही निघालो. सुरेखा आणि मनीषाला गावाकडे जाणाऱ्या जीपमध्ये बसवलं आणि मी माझी मोटरसायकल वाटेतल्या एका पाड्याकडे वळवली. तिथे भगवानची आई राहते. लान्स नायक भगवान आमच्या पलटणीचा, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. गस्तीवर असताना गोळी लागून गेला. तेव्हा मी कोतमध्ये होतो आणि रेडिओ माझ्या कानाला होता. दर दसऱ्याला मी आईंना सोनं द्यायला जातो.

आईंनी अंगठा बघितला. मी सगळं सांगितलं. त्या पदराने डोळे पुसत हसल्या.

मग मी अजून एक गोष्ट सांगितली. इतकी वर्षं सांगितली नव्हती. त्या दिवशी रेडिओवर कळलं, एक कॅज्युअल्टी, भगवान. माझं काम कोतचं. मी आधी विचारलं, "वेपन?"

"वेपन सेफ. ओवर."

मग विचारलं, "जवान?" त्यावर सेट बराच वेळ गप्प राहिला होता.

"मी आधी रायफलीचं विचारलं, आई," मी म्हणालो.

आईंनी चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग म्हणाल्या, "तो फोनवर सांगायचा ना मना. म्हनायचा, आमचा कोतवाला लय खडूस हाय. बंदूक पुसायची चिंधी हरवली तरी रात्री झोपू देत नाय." आणि पुन्हा हसल्या. "तू इचारनारच होतास रे. त्यालाबी माहीत असंल."

त्यांच्या घरात एकच फोटो आहे. गावातले लोक म्हणाले होते, रायफलवाला मोठा करून लावा, वाडीची शान वाढेल. आईंनी ऐकलं नाही. त्यांनी लावला तो फोटो पहाऱ्याच्या चौकीवर मी काढला होता. एका धनगराचं करडू भगवानने काखेत धरलंय आणि तो तोंड वाकडं करून हसतोय.

"ठाऊक हाय ना कशापायी हसतोय?" आई दर वर्षी विचारतात.

"कशापायी?" मी दर वर्षी म्हणतो.

"करडू मुतलं त्याच्यावर. नव्या वर्दीवर."

मी फोटोला आपट्याचं पान लावलं. आईंनी माझ्या हातावर गूळ ठेवला. आम्ही दोघं अजून हसत होतो.