बिनपाण्याची बाग आणि माणची बाई

आमच्या कंपनीचा माळी सोनबा याने माणला बाई ठेवली आहे, ही बातमी १९७१ च्या उन्हाळ्यात आधी मशीन शॉपमध्ये फुटली, मग कॅन्टीनमध्ये शिजली आणि जेवणाची सुट्टी संपायच्या आत गेटवरच्या वॉचमनपर्यंत पोचली. पहिल्यांदा कुणी सांगितली ते विचारू नका. मी टाइम ऑफिसात होतो. तिथं कार्ड पंच करायला येणारा प्रत्येक माणूस खिडकीत काही ना काही बोलून जातो, आणि मी ते पुढच्याला देत असे. वाटेत थोडी वाढ झाली असेल तर होवो.

पुरावा भक्कम होता. आमच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारची. दर गुरुवारी सकाळी सोनबा धुतलेलं धोतर नेसायचा, सायकलच्या कॅरिअरला रिकामं पोतं बांधायचा आणि चिंचवडहून वाकडवरून माणच्या दिशेने निघायचा, तो उन्हं कलल्यावर परत. आमच्या टर्नर ज्योतीरामने त्याला हिंजवडीच्या पुढे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

"कानामागं चाफ्याचं फूल होतं, राव," ज्योतीराम म्हणाला. "पन्नाशीचा माणूस कानामागं फूल खोचून कुणासाठी फिरंल?"

दिसायला म्हणाल तर सोनबा म्हणजे वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेला मिशा चिकटवल्यासारखा. त्यामुळे तर बातमीला जास्तच चव आली. ज्योतीराम स्वतः देखणा, भांग पाडणारा, आणि त्याच्याकडे सख्खी बायकोही नीट बघत नसे. त्याला हे फार लागलं होतं.

आता बागेचं सांगतो, कारण बाईचं प्रकरण बागेतूनच उगवलं.

आमची कंपनी पाण्याचे पंप बनवायची, आणि कंपनीत पाणी नव्हतं. चिंचवडच्या बाहेरचा तो माळ म्हणजे वर वीतभर मुरूम आणि खाली कातळ. पावसाळा सरला की तिथं हिरवं असं फक्त वॉचमनच्या केबिनचं दार. टँकर यायचा तो कॅन्टीनला आणि पंप तपासायच्या हौदाला, आणि त्या हौदातलं पाणी इतकं तेलकट की त्यात भजी तळता आली असती. पण वर्क्स मॅनेजर शितोळे साहेबांना गेटपासून ऑफिसपर्यंत दुतर्फा फुलं हवी होती. त्यांनी पुण्याहून दीडशे गुलाब आणले. मे महिन्यात गुलाबांनी माना टाकल्या, पाठोपाठ माळ्याने नोकरी टाकली. दुसरा माळी आला, त्याने हिरवळ लावली, ती गाढवांनी खाल्ली. तिसरा आला तो सोनबा. जत तालुक्यातला, म्हणजे जिथं ढगसुद्धा वाट चुकला तरच येतो.

"पाणी किती लागेल?" साहेबांनी विचारलं.

"पयल्या साली तांब्या तांब्या. मागनं न्हाई."

"मागनं न्हाई म्हणजे?"

"मागनं त्येंचं त्ये बगत्यात."

साहेबांना हे उत्तर उद्धट वाटलं, पण टँकरचा त्रास वाचणार म्हणून त्यांनी बोली केली. दर खंडेनवमीला हेड ऑफिसातून मालक मशीनची पूजा बघायला यायचे. बहात्तरच्या खंडेनवमीला मालकांना बाग फुललेली दिसली तर सोनबा पर्मनंट. नाही तर साहेब चौथा माळी बघणार.

पर्मनंट म्हणजे काय ते टेंपररी माणसाला विचारा. सोनबाला लग्नाच्या दोन मुली, बायको अंबुबाई, आणि चाळीतली खोली कंपनीची. नोकरी गेली की खोली गेली, आणि मग जतला परत जायचं. तिथं त्याच्या भावाच्या विहिरीत आता पोरं विटीदांडू खेळत होती.

सोनबा बागकाम करायचा ते पहारीने. चाफ्याच्या हातभर फांद्या तोडून आणायचा, शेडच्या सावलीत आठ-आठ दिवस नुसत्या पाडून ठेवायचा. त्यांचा चीक सुकला की पहारीने मुरमात भोक पाडून त्यात एकेक खोचायचा आणि भोवती दगड रचायचा. दगडाखाली दहिवर, म्हणजे रात्रीचं दव, टिकतं, असं त्याचं म्हणणं. मधेमधे कण्हेर, सदाफुली, गुलबक्षीचे कंद, कोरफड. सहा महिने गेटपासून ऑफिसपर्यंत नुसते दगड आणि काटक्या. येणारे-जाणारे विचारायचे, "काय सोनबा, दगडांना कळ्या आल्या का?" साहेब रोज गाडीतून उतरताना त्या काटक्यांकडे असे बघायचे, की काटकी असती तर लाजून वाळली असती. आधीच वाळलेली होती म्हणून वाचली.

असली झाडं पुण्याच्या नर्सरीत कुणी ठेवत नसे, कारण विकत घेणारच कुणी नव्हतं. सोनबाच्या काटक्या यायच्या त्या गुरुवारच्या पोत्यातून. "कुठनं आणलीस रे?" म्हटलं की तो मिशा चाचपत म्हणायचा, "हाय एक जागा." आणि कानाच्या पाळीपर्यंत लाल व्हायचा. आता मला सांगा, माणसाने काय समजायचं?

पावसाळ्यात एके दिवशी अंबुबाई टाइम ऑफिसच्या खिडकीशी उभी राहिली. ठेंगणी, काळीसावळी, आवाज भोंग्याच्या बरोबरीचा.

"भाऊ, माणला कोन हाय?"

"मला काय ठाऊक, वहिनी? लोक म्हणतात."

"लोक म्हंजी तुमीच की."

मी कार्डं नीट लावायला लागलो. ती म्हणाली, "बरं. येत्या गुरुवारी मीच बगून येती." आणि गेली.

त्या गुरुवारी ती वाकडपर्यंत एस.टी.ने आणि पुढे पायी, सोनबाच्या मागावर गेली. शुक्रवारी सकाळी सगळी कंपनी गेटवर. ज्योतीरामने पैज लावली होती, की सोनबाच्या डोक्याला निदान चार टाके. सोनबा आला तो डोकं धड घेऊन. मान तेवढी खाली.

खरी गंमत पुढे. पुढच्या गुरुवारपासून अंबुबाईने घराबाहेर पाण्याची बादली ठेवली. सोनबा माणहून आला की दारातच, धोतरासकट, डोक्यावरून आंघोळ. त्याशिवाय उंबऱ्यात पाय नाही. चाळीतल्या बायकांनी विचारलं तर म्हणाली, "सवतीचा इटाळ माज्या घरात नगं."

"म्हणजे आहे का गं खरंच?" विमलबाईने डोळे मोठे केले. विमलबाई म्हणजे चाळीतलं टाइम ऑफिस.

"व्हय की. जाईबाई नाव तिचं. गोरीपान हाय."

मी जन्मात असली समजूतदार बायको पाहिली नव्हती. दर आठवड्याला अंबुबाई सवतीची नवी माहिती पुरवायची. जाईबाई विधवा आहे. जाईबाईचं मोठं परडं आहे, त्यात फुलंच फुलं. जाईबाईला पान खायची सवय. एकदा तर जाईबाई आजारी होती आणि तीन बायकांनी अंबुबाईजवळ तिची विचारपूस केली. अंबुबाई म्हणाली, "उतार हाय आता." ज्योतीरामची तर झोप उडाली. त्याने सोनबाला बाजूला घेऊन विचारलं, "भावा, तू नेमकं बोलतोस तरी काय बायकांशी?" सोनबा म्हणाला, "काय न्हाई." ज्योतीरामने महिनाभर तेही करून पाहिलं.

बहात्तर साल आलं ते कोरडं. पाऊस नावापुरता पडला आणि गेला. टँकर दिवसाआड यायला लागला, कॅन्टीनमधला चहा अर्धा कप झाला. शितोळे साहेबांच्या बंगल्यातली मोगऱ्याची कुंडी गेली, देवळातली तुळस गेली. आणि आमच्या गेटपासून ऑफिसपर्यंत सदाफुली गुलाबी-पांढरी होऊन दगडांवर सांडलेली, कण्हेर माणसाच्या छातीइतकी, आणि त्या काटक्यांच्या टोकांना चाफ्याचे घोस. सोनबा ठरल्याप्रमाणे त्यांना पाण्याचा थेंब देत नव्हता. कडूनिंबाखाली बसून तंबाखू मळत बघत होता.

खंडेनवमीला पिंपरीच्या बाजारात झेंडू औषधालाही मिळेना. शेवटी सगळी खाती सोनबाकडे आली. "एक पाटी दे की रे," "आमच्या शेपरला हार दे." सोनबाने आधी नको नको केलं, मशीनला ही फुलं नकोत म्हणाला, पण ऐकतंय कोण? लेथवर सदाफुलीचे हार, ड्रिलला कण्हेरीच्या माळा, मोठ्या प्रेसला चाफ्याची चादर. साहेबांच्या मिसेस कुसुमताईंनी अंबाड्यात तीन फुलं माळली. गुरुजींनी पानाफुलांची ताटं भरून घेतली. सोनबा एका कोपऱ्यात हात जोडून उभा होता, आणि त्याचे ओठ हलत होते. आम्हाला वाटलं, भक्ती.

त्या दिवशी कामगारांच्या बायका-मुलांना कंपनी बघायला आत सोडत. दोरीपलीकडे ती सगळी गर्दी. मालक आले, पांढरेशुभ्र, आणि गेटापासून बाग बघत बघत, थांबत थांबत आले. आरती झाली. मग त्यांनी माळ्याला बोलावलं.

"पाणी न घालता हे केलंस?"

"जी."

"मला माझ्या नगरच्या फार्मवर हीच झाडं लावायचीत. कुठून आणलीस? मी स्वतः गाडी घेऊन जातो."

सोनबाने वर पाहिलं, खाली पाहिलं, प्रेसकडे पाहिलं. शितोळे साहेब दातांतून म्हणाले, "अरे सांग की! मालक विचारताहेत. तुझं पर्मनंट अडलंय आणि तू मुका झालास?"

एवढ्यात दोरी वर उचलून अंबुबाई आत आली. पदर डोक्यावर, हात कमरेवर.

"त्येला काय इचारताय, मालक? मी सांगती. माणला ह्येनं बाई ठेवल्याली हाय. तिच्या परड्यातली झाडं हायती ही. आता तितं तुमाला गाडी घिऊन जायाचं आसंल तर खुशाल जावा, माजं काय म्हननं न्हाई. पर तुमाला तितं उतरताना बगून गाव काय म्हनंल, त्ये तुमचं तुमी बगा."

कुसुमताईंनी पदर तोंडाला लावला. गुरुजी आरतीची वात सारखी करायला लागले. मालकांनी घड्याळ पाहिलं, घसा साफ केला आणि म्हणाले, "शितोळे, याचं ते पर्मनंटचं आजच उरकून टाका." आणि तरातरा पुढे जाऊन एका पंपाकडे असे निरखून बघत राहिले, जसा काही तो त्यांनी प्रथमच पाहिला. झाडांचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

सोनबाने पुढे नऊ वर्षं नोकरी केली. थोरल्या मुलीच्या लग्नाला सगळी कंपनी जेवली, आणि निम्मी कंपनी मांडवात जाईबाई कुठं दिसते का ते बघत होती. एक्याऐंशीत तो रिटायर झाला. कागदांवर अंगठा उठवायला नवरा-बायको दोघं माझ्या खिडकीशी आले. सोनबा बाहेर बागेत रेंगाळला, तेव्हा मी अंबुबाईला म्हटलं, "वहिनी, तुम्ही फार सोसलंत हो त्या जाईबाईचं."

ती म्हणाली, "आता कागद झालं न्हवं? मग ऐका," आणि उभ्या उभ्या सगळं सांगून मोकळी झाली.

माणला बाई नव्हती. गावाबाहेर मसणवटा होता, आणि तिथं कुणी पाणी न घालता चाफा, कण्हेर आणि सदाफुली फुलत होती. सोनबाने सगळी झाडं तिथून आणली होती.