न्हाणीच्या पाण्यावरची केळ

आमच्या कारभारणीची एक खोड सगळ्या गल्लीला ठाऊक होती. रोप लावताना ती त्याच्याशी बोलायची आणि उपटताना एक शब्द काढायची नाही. लावताना, "बस बाई इथं, ऊन कमी हाय, पाणी मी देते," असं पाहुणी आल्यासारखं चालायचं. उपटताना ओठ मिटलेले. खुरपं खोल घालायची, मुळासकट काढायची, माती झटकायची आणि ती जागा टाचेनं दाबून टाकायची. शेजारच्या बाया हळहळायच्या, "काकू, जितं झाड हाय की!" ती म्हणायची, "जितं हाय म्हणूनच काढायलेय. मेलेलं आपोआप जातंय."

आमचं गाव चारठाण्याच्या अलीकडं. जमीन मुरमाड, नळाचा भरवसा नाही, हापसा उन्हाळ्यात नुसती हवा ओकतो. घराच्या मागं चार खाटा मावतील एवढं परस. प्यायचं पाणी झाडाला द्यायचं नाही हा तिचा कायदा. ती सगळं न्हाणीच्या पाण्यावर जगवायची. न्हाणीतून एक नाली परसात गेलेली. कुणी आंघोळीला बसलं की ही खुरपं घेऊन नालीच्या तोंडाशी उभी. आज वांग्याकडं, उद्या मोगऱ्याकडं. आतून मी ओरडायचो, "अगं, माणसाला आंघोळ तर करू दे!" ती म्हणायची, "करा की, जरा सैल हातानं करा. मिरच्या सुकायल्यात."

त्यामुळं घरातली माणसं आणि परसातली झाडं यांचा मेळ तिच्या डोक्यात पक्का होता. पोरीचं लग्न झालं, वऱ्हाड गेलं आणि मांडव निघायच्या आधी हिनं पपई काढली. मी म्हणालो, आजच्या दिवशी तरी. ती म्हणाली, "पोरगी गेली, तिचं पाणी बी गेलं. पपईनं काय प्यावं?" पोरगा चाकणला कंपनीत लागला तेव्हा जास्वंद गेली. ती रडली नाही, ना पोरीसाठी ना पोरासाठी. रडली असेल तर खुरप्यानं रडली असेल.

एक केळ मात्र तिनं कधी मुळासकट काढली नव्हती. कारभारीण वसमतकडची. तिच्या माहेरी कॅनॉलचं पाणी, केळीचे मळे. लग्नानंतर पहिल्या दिवाळीहून येताना ओल्या फडक्यात केळीचा कंद बांधून एसटीनं घेऊन आली. मी चार माणसांत म्हणालो, "आमच्या मुरमात केळ? जगली तर मिशी काढीन." केळ जगली. मिशी काढा असं ती कधी म्हणाली नाही. पण घड उतरला की पहिली फणी माझ्यापुढं ठेवायची आणि माझ्या मिशीकडं बघत उभी राहायची. मी गुमान केळी खायचो.

केळ एकदाच घड देते. घड उतरला की मोठी केळ काढायची, बुडाशी आलेलं एक पिल्लू ठेवायचं, बाकीची पिल्लं खणून टाकायची. त्या पिल्लाची पुढं केळ होते. असं करत तिनं तीच माहेरची केळ आमच्या अख्ख्या संसारात चालवली. मोठी केळ ती एकटीच कापायची, मी रानात गेल्यावर. परत येईपर्यंत सगळं झाडून साफ.

मग तिच्या पोटात गाठ निघाली. परभणीच्या डॉक्टरनं मला बाहेर बोलावलं आणि सांगितलं, घरी न्या, काय आवडतं ते खाऊ घाला. मी आत जाऊन म्हणालो, "गोळ्यानं बरं होतंय म्हणायलाय डॉक्टर." तिनं माझ्याकडं बघितलं आणि पिशवी आवरायला घेतली. जिंतूरपर्यंत ती खिडकीला डोकं टेकून बसली. मला वाटलं, निभावलं.

दुसऱ्या दिवशी रानातून आलो तर अर्धं परस उघडं. वांगी, मिरच्या, गवती चहा, मोगरा, सगळं उपटून एका बाजूला रचलेलं. ही पाटावर बसून पाट सरकवत पुढं चाललेली. उभं राहायची ताकद नव्हती.

"हे काय मांडलंय?"

"तुमी आंघोळीला किती पाणी घेता?"

"हे काय इचारणं झालं?"

"दोन तांबे डोक्यावर, एक पायावर. ते बी रोज न्हाई. त्याच्यावर गोडलिंब जगंल, लय झालं तर अळूचं एखादं पान. बाकीचं उन्हाळ्यात तडफडून मरंल. ते कशाला बघायचं तुमी?"

डॉक्टरनं जे मला बाहेर सांगितलं होतं ते हिनं न ऐकता ऐकलं होतं. ती पाट सरकवत केळीपाशी गेली आणि बुडाशी खुरपं लावलं. तेव्हा मात्र मी ओरडलो.

"केळीला हात लावायचा न्हाई!"

"लय पाणी पिते ती."

"पिऊ दे."

"कोण देणार?"

"घर माझं हाय. त्यात काय ठिवायचं ते मी ठरवीन."

ती पोट धरून हसली. "परसातलं आज पयल्यांदा ठरवायलाव. मग मिशी काढा. म्हणला व्हता की."

"मिशी बी काढणार न्हाई अन् केळ बी काढू देणार न्हाई."

"मग रोज आंघोळ करा," ती म्हणाली आणि खुरपं माझ्या पायाशी टाकलं. ते तिनं परत हातात घेतलं नाही.

पौषात ती गेली. बायांनी पुढच्या अंगणात पाट मांडला, शेवटची आंघोळ घालायला. मी म्हणालो, मागं न्हाणीत घाला. भावकी म्हणाली, अशी रीत नाही. मी म्हणालो, आजपासून आहे. मी एकदा अडून बसलो की उठत नाही हे सगळ्यांना माहीत, म्हणून शेवटी पाट मागं नेला. बायांनी हात आखडला नाही. कळशीवर कळशी ओतली, गरम पाणी संपलं तेव्हा प्यायचं घेतलं. मी मागं नालीच्या तोंडाशी खुरपं घेऊन उभा होतो. ते सगळं पाणी मी केळीकडं वळवलं.

दहाव्याला न्हाव्यानं विचारलं, मिशी ठेवायची का? मी म्हणालो, काढ. लोकांना वाटलं दुःखानं काढली. दुःख होतंच, पण शब्दही दिलेला होता.

पोरगा चाकणला चला म्हणतो. "बाबा, तिथं एकटं काय करायलाव?" मी म्हणतो, आंघोळ करायलोय. खरंच करतो. सकाळी एकदा, दिवस मावळताना एकदा. गल्लीतली पोरं हसतात, म्हातारा सोवळ्यात गेला म्हणतात. हसू द्या.

उन्हाळ्यात केळीनं घड दिला. लहान निघाला. मी तो गल्लीत वाटून टाकला, माझ्यापुढं फणी ठेवून बघणारं कुणी नव्हतं. मोठी केळ काढायला पाहिजे होती. मी काढली नाही. तिची पानं वाळून लोंबायला लागली, बुडाशी पिल्लू पिवळं पडलं. सांगणाऱ्यांनी सांगितलं, मी ऐकलं नाही.

परवा सकाळी आंघोळ करून कोयता घेतला. काही बोललो नाही. बुडाशी घाव घातला आणि पाणी आलं. केळ आजवर मी कधी कापली नव्हती, तिच्या पोटात एवढं पाणी असतं हे मला ठाऊक नव्हतं. पायावरून वाहिलं, धोतर भिजलं. त्याचा डाग निघत नाही म्हणतात, न निघो.

मी खाली बसलो. खुरप्यानं पिल्लाभोवतीचं आळं नीट केलं, ते पाणी आत घेतलं आणि त्याला म्हणालो, "बस बाई इथं. पाणी मी देतो."