शेंदरी अळंबीचा पहिला घास

पन्हाळ्याच्या पायथ्याच्या त्या वस्तीत बाळाबाईला दाखवल्याशिवाय अळंबी शिजवायची कुणाची छाती नव्हती. साल असेल अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशी. श्रावण लागला की मटणाची भांडी उपडी पडायची, आणि एरवी रविवारी रश्श्याशिवाय घास न उतरणारी माणसं रानातल्या अळंबीवर तुटून पडायची. पण खायची अळंबी आणि कुत्र्याची छत्री उगवतात शेजारी शेजारी. म्हणून वस्तीची एक रीत होती. ज्यानं अळंबी ओळखली, त्यानं पहिला घास खायचा, आणि त्याचं विड्याचं पान खाऊन होईपर्यंत बाकीच्यांनी ताटाला हात लावायचा नाही. विष काही पानाच्या पिंकेची वाट बघून चढत नाही, पण हे त्यांना सांगणार कोण? रीत म्हणजे रीत.

वीस-बावीस वर्षं तो घास बाळाबाईचा होता. अंगावर धड दागिना नाही, बोलण्यात गोडवा नाही, नवरा केरबा तर तिला हाकसुद्धा ‘अगं ए’ म्हणून मारायचा. पण श्रावणात तिच्यासाठी पाट मांडला जायचा आणि सगळं घर तिच्या तोंडाकडं बघत बसायचं. तेवढाच काय तो तिचा मान, आणि तो तिला जिवापाड प्यारा होता.

मग धाकट्या दिराचं, कृष्णातचं, लग्न झालं आणि आजऱ्याकडची शालूबाई जाऊ म्हणून घरात आली. पहिल्याच श्रावणात ही पोरगी रानातून पदरात लालभडक काहीतरी घेऊन आली.

“शेंदरी अळंबी हाय ही, अक्का. आमच्याकडं लई खात्यात. टोपीच्या खाली पिवळी, देठ पिवळा, म्हंजे चांगली. पांढरी दिसली की टाकायची. माझ्या आईनं शिकवलंय.”

तिची आई आदल्याच वर्षी वारली होती. बाळाबाई मात्र रंगीत दिसलं की लांबून जाणारी. “असलं काय बी आमी खात न्हाय,” ती म्हणाली. पण सासू झुंबरबाईला नव्या सुनेचं कौतुक! शालूनं रांधलं, पहिला घास खाल्ला, पान खाल्लं आणि खुदकन हसली. मग घरानं बोटं चाटून पातेलं रिकामं केलं.

“बावीस वर्सं आमास्नी ह्यातलं काय खाऊ दिलं न्हाईस की गं,” झुंबरबाई थोरलीला म्हणाली.

बाळाबाईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पुढच्या आठवड्यात शेजारणी टोपल्या घेऊन आल्या त्या तिला ओलांडून थेट शालूकडं. कालची पोर ओट्यावर बसून निवाडे करू लागली आणि बाळाबाई गोठ्यात शेणात हात घालून ऐकू लागली. तिचा नुसता जळफळाट झाला. शालू वाईट असती तर बरं झालं असतं. पण ती मेली पहिली भाकरी अक्कालाच वाढायची!

पंधरवड्यानं शालूनं पुन्हा शेंदरी अळंबी आणली. दुपारची वेळ. ती परसात दगडावर बसून देठाची मातीकडची टोकं कापत होती. पाण्याची घागर घेऊन जाताना बाळाबाईची नजर गेली, आणि एका टोपीखाली तिला पांढरं दिसलं.

ती थांबली नाही. घागर ठेवली, चुलीपुढं बसली, भाकऱ्या थापल्या, आणि गप्प राहिली. खाऊ दे, मग कळेल सगळ्यांना, असं तिच्या मनात आलं. आलं ते आलं, आणि चांगलं दोन-चार भाकऱ्या होईतोवर तिथंच बसलं. पातेलं उतरलं, पाट मांडला गेला, शालूनं घास उचलला. तेव्हा कुठं बाळाबाईचा जीव उडाला. तिनं झेप घेऊन ताट उडवलं, पातेलं उचललं आणि परसातल्या उकिरड्यात उपडं केलं.

“पांढरी हुती! मी बघितली! मराल की समदी!”

कृष्णात ओरडत उठला, “मानासाठी सोंगं करतीया ही!” पण शालूच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. तिनं तिथंच वाकून बाळाबाईचे पाय धरले. “अक्का, तुमी हुतासा म्हनून वाचलो,” म्हणून ती हमसून रडली. झुंबरबाईनं थोरलीच्या तोंडावरून हात फिरवला. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

सगळे चटणी-भाकरी खाऊन कलंडले तेव्हा बाळाबाई परसात गेली. दगडापाशी देठांची टोकं तशीच पडली होती. प्रत्येक अळंबीचं एक टोक. तिनं एकेक उचलून उन्हात धरलं. पिवळं. हेही पिवळं. शेवटचंही पिवळंच. मग तिला काय दिसलं होतं? पांढरं दिसलं होतं, की पांढरं असावं असं तिला वाटलं होतं? तिनं इकडं तिकडं पाहिलं, टोकं ओंजळीत भरली आणि शेणाच्या ढिगात खोल दाबून टाकली.

टोपल्या पुन्हा तिच्याकडं यायला लागल्या. पाट तिचा, पहिला घास तिचा. शालू हात जोडून समोर बसायची.

पुढच्या श्रावणात दोघी जावा मिळून रानात गेल्या. आंब्याच्या बुडाशी शेंदरी अळंबीचा ताजा घोस फुटला होता. बाळाबाईनं वाकून खालून बघितलं. हळदीसारखी पिवळी. ती तोंड उघडणार तेवढ्यात शालूनं तो घोस टाचेखाली चिरडला.

“माझ्या आईला काय बी कळत नव्हतं, अक्का,” ती म्हणाली. “तिचं ऐकून समद्यांस्नी मारलं असतं मी. व्हय की न्हाय?”

बाळाबाई म्हणाली, “व्हय.”