फोनमधलं रान

दवाखान्याच्या धुलाईखान्यात वहिनीची सगळी उमर गेली. चादरी, उश्यांचे अभ्रे, डॉक्टरांचे कोट. यंत्रं दिवसभर अशी धडधडायची की तिथल्या बायका एकमेकींशी खुणांनीच बोलत. नवरा आधीच गेलेला. निवृत्तीनंतर घरात दोघीच उरल्या, ती आणि तिची थोरली नणंद. नणंदेची जीभ तिखट, पण वहिनीवर जीव.

एके सकाळी वहिनी म्हणाली, "ताई, डोंगरातल्या त्या राष्ट्रीय उद्यानात जाऊ या."

"आपण? तुझे गुडघे कुरकुरतात, मला जिना चढताना धाप लागते. वाघानं पाहिलं तर तोही म्हणेल, यात काही राम नाही."

वहिनीनं ऐकून घेतलं आणि टेबलावर नकाशा पसरला. कोपऱ्यांवर मिठाची बरणी नि चष्म्याचं घर ठेवलं. बस कुठे बदलायची ते बोटानं शोधलं. मग उद्यानाच्या चौकीवर फोन लावला. तिथली वनरक्षक मुलगी बोलकी निघाली. विश्रामगृह, पायवाटा, थंडी, सगळं सांगून झाल्यावर वहिनीनं विचारलं, "बाळा, मागे कसला आवाज येतोय? जवळ नदी आहे का?"

"नदी नाही हो, झाडं आहेत. थांबा, ऐकवते."

तिनं फोन खिडकीबाहेर धरला असावा. लांबून काहीतरी उठलं, वाढत वाढत आलं, ओसरलं. पुन्हा उठलं. वहिनीच्या अंगावर सरसरून काटा आला. तिनं फोन नणंदेच्या कानाला लावला. एकाला दहा सुनावणारी ती बाई फोन कानाशी घट्ट धरून ऐकू लागली. मग हळूच म्हणाली, "लोकरीचे मोजे घे. माझेही."

कडाक्याची थंडी सरल्यावर त्या निघाल्या. पोचल्या तेव्हा सगळीकडे धुकं. बुंधे वर जाऊन धुक्यात विरलेले, शेंडे दिसेनात. वनरक्षक मुलगी त्यांना सावकाश, थांबत थांबत, वरच्या माळावर घेऊन गेली.

तिथे धुकं विरळ होऊ लागलं. वहिनी खूप उंचावरच्या एका पांढऱ्या ढगाकडे बघत होती. बाकीचे ढग सरकले, तो मात्र जागचा हलेना.

"तो ढग असा काय थांबलाय?"

"ढग नाही तो," मुलगी म्हणाली. "बर्फाचा डोंगर आहे."

नणंदेनं वहिनीचा हात घट्ट धरला. दोघी तिथेच ओल्या गवतावर बसल्या. मुलीनं दोनदा हाक मारली, पण डोंगर बघायचा सोडून कुणी उठलं नाही.