मेहुण्याची चौकोनी टाकी

टाकीच्या भिंतीला गाल लावून उभा राहणारा माणूस अख्ख्या मुंबईत एकच होता, आणि तो नेमका माझ्या बायकोचा भाऊ निघाला. त्या शेवटच्या रविवारीही आम्ही दोघांनी तेच केलं. घाटकोपरच्या आमच्या चाळीमागं टाकी आहे, अर्धी जमिनीत, अर्धी वर. तो मुलुंडहून आला, चहा बशीत ओतून प्याला आणि म्हणाला, "चला भावजी, तिला बघून येऊ." तिला म्हणजे टाकीला. स्वतः गाल टेकला, मलाही टेकायला लावला.

"गार लागतंय?"

"सिमेंट आहे, गारच लागणार. गरम झालंय ते तुझं डोकं."

"ओल नाही ना पण?"

"नाही रे बाबा."

मग स्वारी खूश. निघताना त्यानं आणखी एक चाळा केला, तो शेवटी सांगतो.

मी सेंटरिंगचा सुतार, म्हणजे काँक्रीट ओतायचे लाकडी साचे ठोकणारा. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तर दमले म्हणून. मेहुणा शिकलेला, कचेरीत बसून टाक्यांची डिझाइनं काढायचा, त्यातही चौकोनी टाक्यांची. गोल टाकीला तो माणसांतच धरायचा नाही. "गोल टाकी गरीब हो, पाणी सगळीकडून सारखं ढकलतं, काही कटकट नाही. चौकोनीत खरी मजा. भिंत मधे फुगायला बघते आणि कोपरे तिला धरून ठेवतात. सगळी मारामारी कोपऱ्यात!" म्हणून कोपऱ्यात आतल्या अंगाला जादा सळ्या, वर काँक्रीटची तिरकी जाड पट्टी. त्या पट्टीचा साचा ठोकताना माझी बोटं सोलवटायची. मी वैतागून म्हणायचो, "आत कोण बघायला जाणार आहे?" "पाणी जाणार आहे ना," हा म्हणायचा, आणि वर दात काढायचा.

हे खूळ त्यानं सोयरिकीतही नेलं. कांदिवलीला मुलगी बघायला गेलो होतो. पोहे झाले, मुलगी मान खाली घालून बसली, काही विचारायचं तर विचारा म्हणाले. ह्यानं घासलेटचा रिकामा डबा मागवला, काठोकाठ पाणी भरलं आणि मुलीला विचारलं, "पत्रा मधेच का फुगला, सांगा बघू?" मुलीचा बाप म्हणाला, "डबा जुना आहे हो." झालं, ह्यानं बापाला पहिल्यापासून समजावायला घेतलं. परत येताना माझ्या बायकोनं कपाळावर हात मारला. "अरे, मुलीचं नाव तरी विचारलंस का?"

"राहिलंच की गं, ताई."

लग्नही राहिलंच.

आमच्या चाळीची टाकी ही त्याची पहिली. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. नवी टाकी वापरण्याआधी काठोकाठ भरायची, आठवडाभर तशीच ठेवायची आणि पाणी उतरतं का बघायचं, अशी रीत. साहेबानं ह्याला बजावलं होतं, गळली तर दुसरी नोकरी शोध. आणि दुसऱ्याच दिवशी पाणी उतरलं. तिसऱ्या दिवशी आणखी. बाहेरून चुना मारलेला, पण त्यावर ओलीचा ठिपका नाही. ह्याला अन्न गोड लागेना. दिवसभर गाल लावत टाकीभोवती फिरायचा, चुन्यानं अर्धं तोंड पांढरं, आणि संध्याकाळी सगळे आकडे पुन्हा मांडायचा. चाळीतल्या बायका दारातून बघायच्या आणि एकमेकींना कोपर मारायच्या. शेवटी माझी बायको ताट घेऊन त्याच्यापुढं उभी राहिली.

"जेव मुकाट्यानं. गळत बिळत नाही तुझी टाकी. आम्हीच रोज पहाटे झाकण सारून हंडे भरतो."

"ताई! नोकरी जात होती गं माझी!"

"आणि आमच्या नळाला पाणी नाही, त्याचं काय? एवढं पाणी साठवून नुसता बघत बसलायस. भिंतीला गाल लावण्यापेक्षा बहिणीला विचारायचंस!"

टाकी पुन्हा भरली. झाकणाला कुलूप घातलं आणि किल्ली त्यानं ताईच्याच कमरेला दिली. पाणी जागचं हललं नाही.

पुढं बायको काविळीनं गेली. तिचा पितळी हंडा मी मोरीपाशी पालथा घातला आणि सगळ्यांना सांगितलं, कुणी शिवायचं नाही. मी बादलीवर भागवायचो, खानावळीत गिळायचो. मेहुणा दर रविवारी यायचा. ताईचं नाव नाही, नुसत्या टाक्या. एकदा मी भडकलो. "तुझी सख्खी बहीण गेली आणि मला सळ्या कसल्या सांगतोस?"

तो म्हणाला, "भावजी, मला दुसरं काही बोलताच येत नाही हो."

आणि पुन्हा टाकीच. कुठंतरी मुकादमानं भर पावसाळ्यात जमिनीतली नवी टाकी साफ करायला उपसली, तर भोवतीच्या पाण्यानं ती होडीसारखी वर उचलली. "एवढी जड टाकी, भावजी! लोक भरलेल्या टाकीला घाबरतात. ती बसते जागच्या जागी. जपायचं ते रिकामीला." बोलताना त्याची नजर हंड्यावर. मी म्हटलं, "हात लावशील तर तंगडी तोडीन." त्यानं कधी लावला नाही.

त्या शेवटच्या रविवारी मात्र निघताना तो मोरीपाशी वाकला आणि पालथ्या हंड्याच्या बुडाला गाल टेकला.

"हे काय नवीन?"

"कोरडा ठणठणीत आहे, भावजी," म्हणाला. कोरडं लागलं म्हणून त्याचं तोंड उतरलेलं मी पहिल्यांदाच बघितलं. चपला घातल्या आणि गेला.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मुलुंडहून त्याचा शेजारी निरोप घेऊन आला. झोपेतच गेला म्हणाला. मी त्याला म्हटलं, थांब जरा. हंडा सुलटा केला, चिंचेनं घासला आणि नळाखाली ठेवला. नळाची धार करंगळीएवढी. शेजारी दारात ताटकळला. "काका, माणसं खोळंबलीत."

"भरू दे," म्हटलं.

काठोकाठ भरला तेव्हा दोन्ही हातांनी उचलून बायको ठेवायची त्या जागी ठेवला, आणि मग सदरा चढवला.